हात वर ठेवण्याचा वेळ

मावशीचा उजवा हात खांद्याच्या वर फारसा जात नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून तो जडावलेला असतो, मधूनच सुजतो. भाकरी थापताना काही अडत नाही, पण फळीवरचा डबा काढायचा झाला की ती डावा हात पुढे करते. मध्यंतरी डॉक्टरांनी तिचं पेट स्कॅन सांगितलं म्हणून ती कराडहून मुंबईला माझ्याकडे आली. टेबलावर पाठीवर झोपवून तिला दोन्ही हात डोक्यामागे घ्यायला सांगितले. हात अंगालगत ठेवले तर छाती-पोटाच्या चित्रात त्यांच्या पट्ट्या उमटतात. शिवाय आधी सीटी आणि मग पेट, या दोन फेऱ्यांच्या मधे ते जरा सरकले तरी एक चित्र दुसऱ्यावर नीट बसत नाही. म्हणून हात वर. आतली मुलगी समजूतदार होती, असं मावशीच नंतर सांगत होती. तिने कोपराखाली उशी सरकवली, पट्टा सैल बांधला आणि म्हणाली, "आजी, आता वीस-पंचवीस मिनिटं अजिबात हलायचं नाही हं." मी बाहेर बाकावर बसले होते. मावशी आली ती डाव्या तळव्यात उजवं कोपर धरून. सकाळपासून उपाशी होती, म्हणून आधी कँटीनमध्ये इडली घेतली. दोन घास पोटात गेल्यावर म्हणाली, "सुईचं काही नाही, उपासाचं काही नाही. हात तेवढा लई दुखला बघ. तुम्हीच करता ना गं ही यंत्रं? मग जरा लवकर उरकेल असं नाही का करता येत?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

यंत्र मी करत नाही. यंत्राच्या त्या पांढऱ्या गोल तोंडाच्या आत, प्लास्टिकच्या आवरणामागे, हजारो बारीक स्फटिकांचं एक कडं असतं. गॅमा किरण तिथे अडतात, त्यांचा प्रकाश होतो, प्रकाशाची वीज होते. त्या कड्यातला एवढासा तुकडा, एक डिटेक्टर, जास्त चांगला कसा होईल हे पाहणं हे माझं काम. घरी सगळे मला 'स्कॅनरवाली' म्हणतात, आणि समजावून सांगण्यापेक्षा ते मान्य करणं मला बरं वाटतं. पण आमच्या प्रयोगशाळेत वेळ पिकोसेकंदांत मोजतात, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात. ऊर्जा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, जागा मिलिमीटरमध्ये. मिनिटांत तिथे कोणी बोलत नाही. आमच्या कुठल्याच तक्त्यात मिनिटांचा रकाना नाही. आणि मावशीने विचारलं ते मिनिटांबद्दल.

तिला टोचलेल्या औषधात साखरेच्या एका रेणूला फ्लोरीन-१८ चिकटवलेला असतो. साखर जिथे अधाशासारखी खाल्ली जाते, जसं कर्करोगाच्या गाठीत, तिथे तो साठतो. त्याच्यातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जोडीदार, निघतो, मिलिमीटरभरातच त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही संपतात आणि त्या जागेवरून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. दोन्ही एकाच वेळी सापडले तरच त्यांना जोडणारी रेघ कामाची. अशा लाखो रेघांमधून चित्र उभं राहतं. आता हिशेब पाहा. नेहमीच्या स्कॅनरचं कडं वीस-पंचवीस सेंटिमीटर रुंद असतं आणि माणूस चांगला पाच-साडेपाच फूट. त्यामुळे ज्या जोड्या कड्याच्या बाहेरच्या बाजूला निघाल्या त्या गेल्याच. कड्याकडे निघालेल्यांतले कितीतरी किरण शरीरातच कुठेतरी आपटून वाट बदलतात. उरलेल्यांतले काही स्फटिकातून आरपार जातात. जोडीतला एक सापडला आणि दुसरा निसटला, तर सापडलेलाही वाया. शरीरात सुटणाऱ्या शंभर जोड्यांतली एकसुद्धा धड हाती लागत नाही. आणि चित्रातला खडबडीतपणा निम्म्यावर आणायचा तर चौपट जोड्या लागतात. जास्त औषध टोचणं हा मार्ग नको असतो. मग राहतो तो वेळ. मावशीचा हात वर होता ती वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे आमच्या कड्याने निसटू दिलेल्या किरणांची भरपाई होती, आणि ती भरपाई तिने खांद्याने केली.

मी पहिला डिटेक्टर हाताळला तो पुण्यात, एम.एस्सी.ला. ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद केलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक, त्याच्या मागे अंधुक प्रकाशाची वीज करून ती वाढवणारी फोटोमल्टिप्लायर नळी, समोर सीझियम-१३७चा नाण्याएवढा स्रोत. हाय व्होल्टेजची कळ सावकाश फिरवायची, आणि मग ठोके, म्हणजे स्फटिकात अडलेले किरण, मोजत एकेक बिंदू आलेखाच्या कागदावर मांडत जायचं. दुपारभर बसलं की ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी शिखर उभं राहायचं. सगळ्यांना त्या शिखराचा आनंद. आमचे सर मात्र त्याच्या डावीकडे पसरलेल्या पठाराकडे बोट दाखवायचे: किरणाने आपली ऊर्जा थोडीशीच स्फटिकात टाकली आणि तो निसटला, त्या सगळ्यांचं हे पठार. "शिखर सगळेच बघतात, पठार कोणी वाचत नाही," असं ते म्हणायचे. त्या वेळी तो परीक्षेतला एक प्रश्न होता. आता माझा अर्ध्याहून जास्त दिवस त्या पठाराशी भांडण्यात जातो, कारण डिटेक्टरची ऊर्जा ओळखण्याची ताकद जेवढी चांगली, तेवढा शरीरात आपटून वाट चुकलेला, थोडी ऊर्जा गमावलेला किरण आणि सरळ आलेला किरण यांतला फरक स्पष्ट होतो.

सोडियम आयोडाइडमध्ये किंचित थॅलियम मिसळलं की तो गॅमा किरणांनी लखलखतो, हे रॉबर्ट हॉफस्टॅटरने १९४८ मध्ये दाखवलं. पुढच्या दहा वर्षांत बर्कलीला हॅल अँगरने त्याचा कॅमेरा केला. स्फटिकाची एक अखंड चकती, मागे सात नळ्या, आणि प्रकाश कुठल्या नळीला किती मिळाला यावरून किरण कुठे आपटला ते काढायचं. इतकी साधी गोष्ट. सत्तरीकडे झुकलेली ही युक्ती आजही जगभरच्या गॅमा कॅमेऱ्यांत चालते, आणि थायरॉइडचं किंवा हाडांचं स्कॅन केलेल्या कोणाही माणसाचं चित्र बहुधा तिनेच काढलेलं असतं. पण हा स्फटिक मिठाच्या कुळातला. मुंबईच्या हवेत उघडा राहिला तर पाणी शोषतो, पिवळा पडतो, म्हणून तर तो डबा. आणि तो हलका. गॅमा कॅमेऱ्यासाठी टोचतात त्या टेक्निशियमच्या १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांना सहज अडवतो, ५११च्या किरणांपुढे कमी पडतो. पेटसाठी जड स्फटिक हवा होता. सत्तरच्या दशकात बिस्मथ जर्मेनेट मिळाला, आम्ही त्याला बीजीओ म्हणतो. घनता ७.१. किरण अडवण्यात पटाईत, पण मंद आणि अंधुक: त्याचा प्रकाश ओसरायला ३०० नॅनोसेकंद लागतात (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद) आणि तोही सोडियम आयोडाइडच्या मानाने फारच थोडा. तरी पुढची पंधरा-वीस वर्षं पेट त्याच्यावरच उभं राहिलं.

मग आला ल्युटेशियमचा स्फटिक, एलएसओ. याची गोष्ट मला कितीदाही आठवली तरी नवी वाटते. चार्ल्स मेल्चर अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये, श्लुम्बर्जर या तेलविहिरींची मोजणी करणाऱ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करत होते. विहिरीत खोलवर उपकरण सोडून खडकांतून येणारे गॅमा किरण मोजायचे, त्यावरून तेल कुठे आहे त्याचा अंदाज घ्यायचा, हा त्यांचा धंदा. खाली उष्णता, हादरे, जागा अरुंद. त्यासाठी जड, लखलखीत आणि चपळ स्फटिक हवा होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांना तो सापडला: सीरियम मिसळलेला ल्युटेशियमचा सिलिकेट. घनता ७.४, प्रकाश बीजीओच्या कितीतरी पट, आणि ४० नॅनोसेकंदांत आटोपणारा. पेट स्कॅनर बनवणाऱ्यांनी तो उचलला आणि पुढच्या सगळ्या पिढ्या त्याच्यावर किंवा त्याच्या यिट्रियम मिसळलेल्या भावंडावर घडल्या. खडकात तेल शोधायला निघालेली वस्तू मावशीच्या बरगड्यांभोवती येऊन बसली. विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण ध्येय, वाटचाल, यश अशी सरळ रांग लावतो. प्रत्यक्षात अशी आडवळणंच जास्त असतात, आणि म्हणूनच कोणाचंही मोजमापाचं काम मला कमी महत्त्वाचं वाटत नाही.

एलएसओची कांडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिच्या वजनाने दचकले होते. दिसायला काच, पण लोखंडाच्या जवळपास जड. आमच्या कांड्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या, वीस मिलिमीटर लांबीच्या. चकाकी अशी की टेबलावर ठेवली तर कडा तेवढ्या दिसतात. आणखी एक गोष्ट तिच्यात आहे. ल्युटेशियममध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास ल्युटेशियम-१७६ असतो, तो स्वतःच किरणोत्सारी आहे. त्याचं अर्धायुष्य साधारण ३,७०० कोटी वर्षं. विश्वाचं वय आजच्या हिशेबाने १,३८० कोटी. म्हणजे समोर कुठलाही स्रोत न ठेवता काळ्या पेटीत नुसता डिटेक्टर ठेवला तरी ठोके पडत राहतात. सुरुवातीला याचा त्रास व्हायचा. हळूहळू सवय झाली, आणि मग कळलं की हे अंगभूत ठोके उपयोगीही पडतात, डिटेक्टर जागेवर आहे की नाही ते त्यांच्यावरून तपासता येतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कधी कधी मुद्दाम स्रोत काढून ठेवते आणि पडद्यावर तो मंद, पसरट आलेख भरत जाताना बघत बसते.

असा स्फटिक वाढवणं हे वेगळंच शास्त्र. चोक्राल्स्कीची पद्धत, १९१६ सालची: वितळलेल्या पदार्थाला बीज-स्फटिक टेकवायचा आणि फिरवत फिरवत वर ओढत राहायचं. एलएसओसाठी रस दोन हजार अंशांच्या वर तापलेला लागतो, एवढं तापमान सोसणारी मूस इरिडियमची, आणि ओढण्याचा वेग तासाला एक-दोन मिलिमीटर. दिवसच्या दिवस भट्टी एकसारखी तापलेली हवी. तापमान जरा डुगडुगलं की स्फटिकात ताण राहतो आणि थंड होताना तो चिरतो. आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात ही विद्या जोपासलेली आहे. सोडियम आयोडाइड आणि सीझियम आयोडाइड तर आहेतच. गॅडोलिनियम, गॅलियम आणि ॲल्युमिनियमच्या गार्नेटचे पिवळसर स्फटिकही तिथे वाढवले गेले आहेत. त्यांत ल्युटेशियम नाही, म्हणून अंगभूत ठोके नाहीत. पेटच्या वेगाला तो प्रकार थोडा संथ पडतो, पण सगळ्या डिटेक्टरांनी पेटच करावं असं कुठे आहे? स्वतःच्या भट्टीतून स्फटिक काढता येणं ही देशाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे, हे आयात केलेल्या कांड्यांची महिनोन् महिने वाट पाहिलेल्या माणसाला विचारा.

आमचं रोजचं काम मात्र दिसायला अगदी घरगुती. कांडी अल्कोहोलने पुसायची. नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप तिच्या पाच बाजूंना थरावर थर ओढून बसवायची, म्हणजे आतला प्रकाश परत आत वळतो. सहावी बाजू सेन्सरवर, मधे ऑप्टिकल ग्रीसचा पातळ थर. त्या ग्रीसमध्ये डोळ्यालाही न दिसणारा हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडे बिघडतात. मग काळी पेटी, वर काळं कापड, खोलीतले दिवे बंद. हल्लीचे सिलिकॉनचे सेन्सर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून मोजू शकतात, पण तापमानाला फार हळवे. अंश-दोन अंश फरक पडला तरी त्यांच्या सिग्नलमधला गोंगाट (नॉइज) बदलतो. मे महिन्यात एसीचा थर्मोस्टॅट आणि आमचे आलेख एकाच तालात वरखाली होताना मी पाहिलेत. टेप गुंडाळायला मला आवडतं. बोटांच्या टोकांना ताण कळायला लागतो, किती ओढली की ती पारदर्शक होऊन निरुपयोगी होते ते कळतं. हे कुठल्याही शोधनिबंधात नीट लिहिलेलं नसतं; एक माणूस दुसऱ्याला शेजारी बसवून शिकवतो.

आणि हे सगळं कशासाठी, तर वेळेसाठी.

एक ५११चा किरण एलएसओमध्ये अडला की दहा-पंधरा हजार प्रकाशकण सुटतात. किरण नेमका कधी आला हे ठरवायला त्यांतले अगदी पहिले, सेन्सरपर्यंत आधी पोचणारे मूठभरच कामाचे. बाकीचे ऊर्जा सांगतात, वेळ सांगायला ते उशिरा आलेले असतात. वीस मिलिमीटरची कांडी प्रकाशाला ओलांडायलाच सव्वाशेक पिकोसेकंद लागतात. किरण वरच्या टोकाशी अडला की खालच्या, यावरच वेळ मागेपुढे होते. कांडी आखूड केली तर वेळ नेमकी मिळते, पण किरण निसटतात. लांब केली तर किरण अडतात, वेळ पसरते. या ओढाताणीत माझी उमेदीची वर्षं गेली, आणि ती वाया गेली असं मला कधी वाटलं नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मावशीला हे सांगायचा प्रयत्न केला. काका एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे तिथूनच सुरुवात केली. समज, कराड स्टँडवरून एकाच क्षणी दोन गाड्या सुटल्या, एक कोल्हापूरकडे, एक पुण्याकडे, दोघींचा वेग अगदी सारखा. तुला स्टँड कुठे आहे ते माहीत नाही, फक्त कोल्हापूरची गाडी किती आधी पोचली तेवढं माहीत आहे. तेवढ्यावरून स्टँड कुठे ते काढता येईल की नाही? ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "येईल की. पण दोन्हीकडची घड्याळं बरोबर पाहिजेत." नेमकं तेच. आमच्या गाड्या प्रकाशाच्या वेगाने जातात, नॅनोसेकंदाला तीस सेंटिमीटर. घड्याळ दोन नॅनोसेकंदांनी चुकलं तर स्टँड कराडला की साताऱ्याला, काहीच कळत नाही. नुसती रेघ हाती राहते. चूक २०० पिकोसेकंदांवर आणली तर जागा तीन सेंटिमीटरच्या आत सापडते. मग प्रत्येक जोडीची किंमत वाढते, कमी जोड्यांत तेवढंच स्वच्छ चित्र मिळतं. मावशी म्हणाली, "म्हणजे तुमची घड्याळं सुधारली तर माझा हात लवकर खाली." मी हो म्हटलं. इतक्या थोड्या शब्दांत माझं काम मला कोणी सांगितलं नव्हतं.

ही कल्पना नवी नाही. ऐंशीच्या दशकातच अमेरिकेत सेंट लुइसला सीझियम फ्लोराइड, बेरियम फ्लोराइड असे चपळ स्फटिक लावून असे स्कॅनर बांधले होते. घड्याळ चांगलं होतं, पण त्या स्फटिकांना किरण नीट अडवता येत नव्हते. वेळेत मिळवलेलं संख्येत जात होतं. सगळे पुन्हा बीजीओकडे वळले. ल्युटेशियमचे स्फटिक आल्यावर २००६ मध्ये तीच कल्पना बाजारातल्या स्कॅनरमध्ये परत आली, तेव्हा चूक ६०० पिकोसेकंदांच्या घरात होती. आज चांगल्या यंत्रांत ती २०० च्या जवळ आहे. दुसऱ्या बाजूने कॅलिफोर्नियात, डेव्हिसच्या विद्यापीठात सायमन चेरी आणि रॅमसे बदावी यांनी वेगळाच प्रश्न विचारला: कडं एवढं अरुंद का? त्यांच्या एक्स्प्लोरर स्कॅनरचं कडं १९४ सेंटिमीटर लांब आहे, आत पाच लाखांहून जास्त स्फटिक. सगळा माणूस एकदम आत. २०१८ मध्ये त्याची पहिली चित्रं आली तेव्हा आमच्याकडे काम थांबवून सगळे एका पडद्याभोवती उभे होते. वीस-तीस सेकंदांत अख्ख्या शरीराचं चित्र शक्य आहे, असं ते सांगत होते. तेव्हा मला भौतिकशास्त्र दिसलं होतं. आता तीच चित्रं पाहते तेव्हा मला खांदा दिसतो.

पण पाच लाख स्फटिक! ल्युटेशियम महाग, इरिडियम महाग, प्रत्येक स्फटिकामागे सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स. असे स्कॅनर जगात मोजके आहेत, आणि मी ज्या शहरात राहते तिथला प्रश्न वेगळा आहे. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर आला. त्या परिसरातून कधीही जा, विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून, आसाममधून आलेली माणसं फाइलींची पिशवी छातीशी धरून बसलेली दिसतात. कोणी फूटपाथवर, कोणी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मुक्काम टाकून. त्यांच्यासाठी सेकंदात होणारं स्कॅन म्हणजे निव्वळ आराम नाही. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. सकाळी आलेलं औषध दुपारपर्यंत आपोआप सरत असतं. एकेका माणसाला लागणारी मिनिटं कमी झाली तर तेवढ्याच औषधात त्याच दिवशी आणखी कितीतरी जण उरकतात. तारीख आधी मिळते. मुक्काम एक-दोन दिवसांनी घटतो.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. आमच्या क्षेत्रात दहा पिकोसेकंदांचं एक खुलं आव्हान आहे. युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले पॉल लेकॉक त्याचे मोठे पुरस्कर्ते. दहा पिकोसेकंद म्हणजे दीड मिलिमीटर. तेवढं साधलं तर गणिताची मोठी उस्तवार न करता प्रत्येक जोडी थेट आपल्या ठिपक्यावर बसेल, चित्र आपसूक उमटेल. हे स्वप्न मला रात्री जागं ठेवतं. ते मी सोडणार नाही. पण परळच्या फूटपाथवरून चालताना वाटतं की मला आधी स्वस्त, लांब कडं हवं आहे, घड्याळ जरा ढिलं असलं तरी चालेल. पोलंडमध्ये क्राकोव्हच्या याग्येलोनियन विद्यापीठात पावेल मोस्काल आणि त्यांचे सहकारी तर महागडे स्फटिक सोडून प्लास्टिकच्या लांब पट्ट्यांचा स्कॅनर बांधत आहेत. प्लास्टिक किरण नीट अडवत नाही, पण ते स्वस्त आहे आणि चपळ आहे. आणि ज्याला सगळ्यांनी म्हातारा ठरवलं होतं तो बीजीओ परत आला आहे. कारण मोठं सुंदर आहे: किरणाने हाकललेला इलेक्ट्रॉन बीजीओमध्ये प्रकाशापेक्षा वेगाने धावतो, म्हणजे त्या स्फटिकातल्या प्रकाशापेक्षा, आणि त्या क्षणीच चेरेंकोव्ह प्रकाशाचे कण निघतात. सतराच्या आसपास. स्फटिकाचा नेहमीचा प्रकाश रेंगाळत येतो, हे सतरा मात्र तत्काळ. नवे सेन्सर एवढ्या थोड्या कणांवरूनही वेळ पकडू लागले आहेत. बीजीओ एलएसओपेक्षा स्वस्त आहे, किरण थोडे जास्तच अडवतो, आणि त्याला स्वतःचे ठोके नाहीत.

मावशीचं स्कॅन स्वच्छ आलं, हे सांगायला हवं. ती कराडला परत गेली, खांद्याचे व्यायाम करते, फोनवर "काय गं, घड्याळ कुठवर आलं?" असं विचारते.

मी सध्या आखूड कांड्यांवर काम करते आहे. हिशेब असा. एलएसओची वीस मिलिमीटरची कांडी ५११च्या शंभरातल्या सुमारे ८२ किरणांना निदान धक्का तरी देते. जोडीतले दोन्ही सापडायला हवेत, म्हणून ८२ चे होतात ६७. कांडी बारा मिलिमीटर केली तर ६५, आणि जोडीचे ४२. तोटा मोठा दिसतो. पण स्फटिक चाळीस टक्के वाचला, आणि वाचलेल्या स्फटिकात तेच कडं दीडपटीहून लांब होतं. कडं अरुंद असतं तोवर अख्ख्या शरीरातून मिळणाऱ्या जोड्या साधारण लांबीच्या वर्गाने वाढतात. सगळं गुणून पाहिलं तर तेवढ्याच स्फटिकात जोड्या जवळजवळ पावणेदोन पट मिळतात, वर आखूड कांडीमुळे घड्याळही सुधारतं. हे मी आमच्या बैठकीत मांडलं, आणि तक्त्यात शेवटी एक नवा रकाना घातला: मिनिटं. एका सहकाऱ्याने लगेच बोट ठेवलं की स्फटिक वाचला तरी लांबीबरोबर सेन्सर आणि त्यांच्या तारा दीडपटीने वाढतात, तो खर्च कोण धरणार. त्याचं बरोबर आहे. म्हणून आता एकाच सेन्सरवर दोन-तीन कांड्या बसवून, अँगरसारखा प्रकाश वाटून घेऊन, कुठली कांडी लखलखली ते ओळखता येतं का ते पाहते आहे. कडेच्या कांड्या अजून एकमेकींत मिसळतात. टेपऐवजी आरशासारखी फिल्म मागवली आहे, ती आली की पुन्हा मोजेन.